कमी पैशांत लग्न: आधी रक्कम, मग यादी, मग हॉल

लग्नाचं बजेट फुटतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. आधी हॉल आवडतो, "नंतर मिळायचा नाही" म्हणून ॲडव्हान्स दिला जातो, मग हॉलच्या मापाने पाहुणे वाढतात आणि पाहुण्यांच्या मापाने जेवण. हातात पैसे किती आहेत हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो. तोवर मागे फिरायची सोय उरलेली नसते.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एखादा लागू नसेल तर गाळा, पण हॉल बघून आल्यावर यादी करायला बसू नका. लेख नवरीला उद्देशून लिहिलाय, कारण फोन शेवटी तिलाच येतात. हिशेबाची वही मात्र दोघांनी मिळून ठेवायची आहे.

## १. रक्कम कागदावर आणा

पैसे देणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा: किती देणार, कधी देणार, आणि त्या पैशांबरोबर कोणती अपेक्षा आहे. विचारणं अवघड जातं, पण आत्ताच विचारा. "बघू, करू काहीतरी" हे उत्तर आलं तर वहीत शून्य लिहा. नंतर काही मिळालंच तर आनंद आहे.

"कधी" हा प्रश्न बहुतेक जण विसरतात. हॉलचा दुसरा हप्ता भरायची तारीख आधी आणि पैसे हातात यायची तारीख नंतर, असं झालं की मधल्या काळासाठी उसने घ्यावे लागतात. अपेक्षांचंही तसंच. रक्कम देणाऱ्याच्या मनात स्वतःचे ४० पाहुणे बोलवायचे असतील, तर ती मदत खरी किती उरते हे ४० जेवणांचा खर्च वजा केल्यावर कळेल.

हिशेबात धरायच्या नाहीत अशा गोष्टी: भेट म्हणून मिळतील असे पैसे, अजून जाहीर न झालेला बोनस, क्रेडिट कार्डाची मर्यादा. भेटीचे पैसे लग्नात हातात येतात आणि बरीचशी बिलं त्याआधी भरायची असतात. आजारपणासाठी किंवा नोकरी गेली तर म्हणून ठेवलेल्या शिलकीलाही हात लावायचा नाही.

जो आकडा उरेल त्यातले १० टक्के वेगळ्या खात्यात टाका. ही राखीव रक्कम. एकूण १०० भाग असतील तर तुमचं बजेट ९० भागांचं. घरात आणि बाहेर ९० च सांगा. १०० सांगितलेत तर १०० चेच बेत होतात.

तपासा: तुम्ही दोघांनी वेगवेगळ्या कागदावर एकूण आकडा लिहिला तर तो सारखा येतो का? येत नसेल तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका.

## २. पाहुण्यांची यादी

खरी बचत इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवा.

लग्नाचा खर्च दोन जातींचा असतो. एक माणसांबरोबर वाढणारा: जेवण, खुर्च्या-टेबलं, ताटं-भांडी, वाढपी, निमंत्रणं, पाहुण्यांच्या भेटवस्तू, मुक्काम, बऱ्याचदा हॉलसुद्धा. दुसरा माणसं कितीही आली तरी साधारण तेवढाच राहणारा: तुमचे कपडे, मेकअप, फोटोग्राफर, साउंड. दुसऱ्या जातीत घासाघीस करून थोडंफार सुटतं. पहिल्या जातीत यादी कापली की सगळ्या ओळी एकदम खाली येतात.

२०० पाहुण्यांचे १६० केले असं धरा. १० जणांना एक टेबल म्हटलं तर ४ टेबलं गेली. त्यांच्यासोबत ४ टेबलक्लॉथ, ४ टेबलांवरची सजावट, ४० खुर्च्या, ४० जेवणं गेली. २० माणसांमागे एक वाढपी असेल तर दोन वाढपी कमी. शिवाय एक लहान हॉलही आता चालू शकतो. यादीला हात न लावता नुसत्या जेवणावर तेवढीच बचत करायची तर केटररचा दर २० टक्क्यांनी पाडावा लागेल. आणि दर तेवढा पाडून घेतलात तर केटरर ते पैसे कुठूनतरी काढणारच, बहुधा ताटातून.

यादी करताना तीन रकाने आखा. पहिल्यात, ज्यांच्याशिवाय तुम्ही लग्नाला उभ्याच राहणार नाही अशी माणसं. दुसऱ्यात, आली तर मनापासून आवडेल अशी. तिसऱ्यात, बोलावलं नाही तर वाईट दिसेल अशी. गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी कुणीही ज्यांच्याशी एकदाही बोललेलं नाही ती नावं, नातं कितीही जवळचं सांगितलं जात असलं तरी, तिसऱ्या रकान्यात. सुरुवातीला फक्त पहिला रकाना मोजा. मग पैसे पुरतात तितपत दुसऱ्यात उतरा. तिसऱ्यापर्यंत पोहोचलात तर पैसे खरंच जास्त आहेत असं समजा.

नावं लिहिताना "अमुक काका आणि कुटुंब" असं लिहू नका. कुटुंब म्हणजे दोन की सात? माणसं मोजा, मुलांसकट. निमंत्रणं मात्र घरटी मोजायची असतात, त्यामुळे शेजारी घरांचा वेगळा आकडा ठेवा. १६० माणसांसाठी १६० पत्रिका छापून निम्म्या उरलेली घरं पुष्कळ आहेत.

घरातून नावं वाढत राहणार. त्यावर मला एकच नियम टिकाऊ वाटतो: यादी भरली की एक नाव वाढवायचं असेल तर सुचवणाऱ्यानेच एक नाव काढायचं. वाद तुमच्याशी होत नाही, यादीशी होतो.

इशारा: "काहींना नंतर बोलावू, जागा उरली तर" हा बेत लपत नाही. असं करायचंच असेल तर अख्खा गट एकत्र ठेवा. ऑफिसातले सगळे किंवा कुणीच नाही. गटातल्या तिघांना बोलावून चौथीला वगळण्याइतका राग दुसऱ्या कशाने येत नाही.

## ३. पैसे कुठे ओतायचे ते ठरवा

दोघांनी वेगवेगळं बसून आपापल्या तीन महत्त्वाच्या गोष्टी लिहायच्या. जेवण, फोटो, संगीत, पोशाख, फुलं, काहीही. जुळतील त्यांवर पैसे खर्च करा. बाकी सगळ्याला "नीटनेटकं आहे ना, मग चालेल" एवढीच कसोटी.

सुरुवातीला ९० भागांची वाटणी मी अशी धरते: हॉल आणि जेवण मिळून ४५, कपडे-दागिने-मेकअप १२, फोटो ११, सजावट ८, संगीत आणि साउंड ५, प्रवास-मुक्काम ४, निमंत्रणं २, नोंदणी आणि किरकोळ ३. तुमच्या तीन गोष्टींप्रमाणे आकडे हलवा, पण एक वाढवला की दुसरा त्याच क्षणी कमी करा. बेरीज ९० च राहिली पाहिजे.

## ४. तारीख: एक नको, तीन

एकच तारीख घेऊन हॉलवाल्याकडे गेलात की भाव करण्याची जागा संपते. तीन तारखा घेऊन जा आणि "यातली सर्वात स्वस्त कोणती?" असं विचारा. सुट्टीचा दिवस आणि संध्याकाळ यांना मागणी जास्त, म्हणून दर जास्त. आठवड्याच्या मधला दिवस, सकाळ किंवा दुपार, आणि गर्दीच्या हंगामाबाहेरचा महिना यांतलं एक तरी जमवता येतं का बघा. दिवसाच्या कार्यक्रमात रोषणाईचा खर्चही वाचतो.

मधल्या दिवशी काहींना रजा मिळणार नाही. म्हणून तारीख पक्की करण्याआधी पहिल्या रकान्यातल्या माणसांना विचारा, फक्त त्यांनाच.

जेवणाच्या दोन वेळांच्या मधल्या काळात कार्यक्रम ठेवून नुसता अल्पोपाहार दिला तर मोठा खर्च वाचतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त निमंत्रणावर "अल्पोपाहार" असं स्वच्छ लिहा. लिहिलं नाही तर लोक जेवणाच्या आशेने रिकाम्या पोटी येतात आणि वर्षानुवर्षं तेवढंच लक्षात ठेवतात.

तपासा: तुम्ही राहता तिथे लग्नाच्या नोंदणीसाठी आधी नोटीस द्यावी लागते का, किती दिवस आधी, कोणती कागदपत्रं आणि किती साक्षीदार लागतात, हे तारीख ठरवण्यापूर्वी संबंधित कार्यालयातून माहीत करून घ्या. कागदपत्रांवरच्या नावांची स्पेलिंगं एकमेकांशी जुळतात का तेही बघा. दुरुस्तीला वेळ लागतो.

## ५. हॉल

आता हॉल बघायला निघा. कार्यक्रमाची जी वेळ असेल त्याच वेळी जा. दुपारी उजेडात सुंदर दिसणारी जागा रात्री काळवंडते, आणि सकाळी शांत असणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही.

कोटेशनमधली एक ओळ नीट बघू: "हॉल भाडे, ६ तास". हे सहा तास कधी सुरू होतात? सजावटवाल्याला आधी दोन तास आत जायचंय, कार्यक्रमानंतरच्या आवराआवरीला एक तास धरा. ही वेळ सहा तासांतच मोजली जाणार असेल तर पाहुण्यांसाठी तीन तास उरले. सातव्या तासाचा दर वेगळा असतो आणि तो बहुतेक वेळा तोंडी सांगितला जातो. "सामान आत आणण्यापासून शेवटची खुर्ची हलवेपर्यंत किती तास?" असं विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

बाकीचे प्रश्न:

- बाहेरचा केटरर, सजावटवाला चालतो का? चालत असेल तर त्यासाठी वेगळी फी आहे का?
- खुर्च्या, टेबलं, पंखे किंवा एसी, दिवे, माइक यांतलं भाड्यात काय येतं?
- वीज गेली तर जनरेटर आहे का, आणि डिझेल कोण भरणार?
- आवाज किती वाजता बंद करावा लागतो?
- अनामत किती, ती कशासाठी कापली जाते आणि किती दिवसांत परत मिळते?
- साफसफाई आणि कर दरात धरलेत का?

कागदावर येत नाही ते डोळ्यांनी बघा: स्वच्छतागृहं किती आणि कोणत्या अवस्थेत, म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या किती, केटररला पाण्याचा नळ कुठे. उघड्यावरची जागा असेल तर पावसात सगळे कुठे जाणार याचं उत्तर "पाऊस येणार नाही" असं असून चालत नाही.

स्वस्त रिकामा हॉल हा नेहमीचा सापळा. सोयींसकट हॉलचं भाडं १०० धरा आणि रिकाम्या हॉलचं ६०. आता रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या-टेबलांचे १५, दिवे आणि भिंती झाकण्याचे १८, जनरेटरचे ८, साफसफाईचे ६ मिळवा. झाले १०७, आणि चार माणसांशी चार वेगळे व्यवहार. भाड्याची तुलना कधीच करू नका, कार्यक्रमाला तयार अवस्थेतल्या हॉलची करा.

विधी आणि जेवण एकाच जागी ठेवलंत तर पाहुण्यांची ने-आण वाचते, सजावट एकदाच करावी लागते आणि मधला गोंधळ टळतो. माझ्या मते हॉलच्या बाबतीत याहून सोपी बचत नाही.

## ६. जेवण

तीन केटररांना एकच कागद द्या. त्यावर माणसं किती, वेळ कोणती, पदार्थ कोणते, पंगत की बुफे, वाढपी किती, भांडी कुणाची, पिण्याचं पाणी कुणाचं, हे सगळं असू द्या. एकाने १२ पदार्थांचा आणि दुसऱ्याने ८ पदार्थांचा दर दिला तर ती तुलनाच नाही. आलेल्या दरात कर, वाहतूक आणि वाढप्यांची मजुरी धरली आहे का ते विचारा. नसेल तर मिळवा, आणि मगच आकडे शेजारी मांडा.

माणशी दरापेक्षा महत्त्वाचा आकडा म्हणजे किमान संख्या, ज्याखाली बिल जात नाही. १६० जणांना बोलावलंय, त्यातले १४० येणार आणि करारात किमान १८० लिहिलंय, तर ४० रिकाम्या ताटांचे पैसे तुम्ही भरणार. म्हणून सुरुवातीला किमान संख्या कमीच सांगा आणि "कार्यक्रमाच्या एक आठवडा आधीपर्यंत वाढवता येईल" असं लिहून घ्या. संख्या वाढवायला केटरर आनंदाने तयार होतो. कमी करायला होत नाही.

बुफे नेहमी स्वस्त पडतो असं समजू नका. वाढपी कमी लागतात हे खरं, पण लोक स्वतः वाढून घेताना जास्त घेतात, म्हणून अन्न जास्त करावं लागतं. दोन्हींचे दर मागवा.

पदार्थांची संख्या वाढली म्हणून माणूस दुप्पट जेवत नाही. तो प्रत्येकातलं चमचाभर घेतो आणि निम्मं टाकतो. मोजके पदार्थ, भरपूर आणि गरम, हे आठवणीतही राहतं आणि स्वस्तही पडतं. चव बघायला गेलात तर तुमच्या यादीतलेच पदार्थ मागा, त्यांचा ठेवणीतला पदार्थ नको.

काम करणाऱ्यांची ताटं बहुतेक जण मोजायला विसरतात. फोटोग्राफर आणि त्याचा मदतनीस, साउंडवाले, सजावटीची माणसं, ड्रायव्हर मिळून सहज १० ते १५ होतात. त्यांची संख्या आधी सांगितली तर काही केटरर साध्या जेवणाचा वेगळा दर देतात.

इशारा: उरलेल्या अन्नाचं काय करायचं ते आधी ठरवा, डबे आधी आणा. शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवलेलं नसेल तर दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. कडक उन्हाळा असेल तर तासाभरातच आवरा. वेळ उलटून गेलेलं अन्न कुणाला वाटणं हे दान नव्हे, धोका आहे.

## ७. भाव, करार, ॲडव्हान्स

"किती कमी कराल?" हा प्रश्न मी विचारत नाही. समोरचा मुकाट्याने काहीतरी कमी करतो आणि काय कमी केलं ते लग्नाच्या दिवशी दिसतं. "माझ्याकडे एवढेच आहेत, यात काय बसेल?" असं विचारा. मग तो स्वतःच सांगतो की हे काढा, ते साधं ठेवा. काय सुटलं ते तुम्हाला माहीत असतं.

व्यवहार छोटा असला तरी लेखी हवा. छापील करार नसेल तर फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज पाठवा, असा:

"आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे: तारीख अमुक, वेळ अमुक, माणसं १४०, पदार्थ ८, वाढपी ७, भांडी आणि पाणी तुमचं. कर आणि वाहतूक धरून एकूण रक्कम अमुक. आज ॲडव्हान्स अमुक दिला, दुसरा हप्ता एक महिना आधी, उरलेली रक्कम काम झाल्यावर. यात काही वेगळं असेल तर आजच कळवा, नाहीतर 'ठीक' एवढं उत्तर द्या."

ते "ठीक" येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.

करारात या गोष्टी हव्यातच: कार्यक्रम रद्द झाला तर किती पैसे परत, पुढे ढकलला तर ॲडव्हान्स नव्या तारखेला चालेल का, ठरलेला माणूस आजारी पडला तर बदली कोण, जादा तासाचा दर काय. पैसे तीन टप्प्यांत द्या आणि शेवटचा टप्पा काम झाल्यावर. "सगळे आधी भरलेत तर सूट देतो" ही सूट घेऊ नका, कारण काम बिघडलं तर हातात धरायला काही राहत नाही. पैसे ज्या नावावर पाठवता तेच नाव पावतीवर आहे ना, तेही बघा.

## ८. कपडे आणि मेकअप

एकदाच घालायची वस्तू भाड्याने मिळते का ते आधी बघा. विकत घेणार असाल तर किंमत म्हणजे नुसता पोशाख नव्हे. फिटिंग, आतले कपडे, पादत्राणं आणि नंतरची धुलाई मिळवून जो आकडा येतो तो १२ भागांत बसला पाहिजे.

क्रम असा: आधी आतले कपडे आणि पादत्राणं, मग माप. टाच दोन बोटं उंच झाली की पोशाखाचा घेर जमिनीवरून तेवढाच उचलला जातो. माप चपलेवर दिलं आणि लग्नात उंच टाच घातली, अशा पायघोळ पोशाखांचे घोटे उघडे पडलेले फोटो पुष्कळ आहेत.

पहिली फिटिंग सहा ते आठ आठवडे आधी, शेवटची दहा-बारा दिवस आधी. शेवटच्या फिटिंगला खाली बसा, जिना चढा, दोन्ही हात वर करा, आणि हो, स्वच्छतागृहात जाणं एकटीला जमतंय का तेही बघा.

"तोवर वजन कमी करीन" या हिशेबाने लहान मापाचं काही घेऊ नका. कपडा आत घेणं सोपं असतं, बाहेर सोडणं शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती ठेवली आहे त्यावर अवलंबून असतं. जुना किंवा दुसऱ्याचा पोशाख घेत असाल तर उलटा करून शिवण बघा. माया नसेल तर तो कितीही स्वस्त असला तरी सोडा.

मेकअपची चाचणी घ्या आणि एक फोटो उजेडात, एक फ्लॅशने काढा. नवीन क्रीम, नवीन फेशियल, नवीन रंग काहीही शेवटच्या महिन्यात पहिल्यांदा करू नका. केसांच्या रंगाची ॲलर्जी चाचणी रंग लावण्याच्या ४८ तास आधी करायची असते.

## ९. फोटो

पूर्ण दिवस घेऊ नका, तास घ्या. मुख्य विधी, घरच्यांचे एकत्र फोटो आणि जेवणाची सुरुवात एवढं टिपलं गेलं की पुरतं. करारात तास, प्रत्यक्ष फोटो काढणाऱ्याचं नाव, एडिट केलेल्या फोटोंची संख्या आणि फाइल मिळण्याची तारीख लिहा. छापील अल्बम आत्ता घेऊ नका. फाइल हातात असल्या की तो कधीही करता येतो.

कुणाकुणाचे एकत्र फोटो हवेत त्याची यादी करून फोटोग्राफरला आणि दोन्ही घरांतल्या एकेका बोलक्या माणसाला द्या. एका गटाला तीन मिनिटं लागतात. १२ गट म्हणजे ३६ मिनिटं. ३० गटांची यादी केलीत तर पाहुणे दीड तास तुमची वाट बघत बसतील.

चांगला कॅमेरा असलेल्या मैत्रिणीला हे काम देऊ नका. ती पाहुणी आहे, आणि एखादा क्षण हुकला तर ओशाळवाणं दोघींनाही होतं.

## १०. सजावट, निमंत्रणं, साउंड

सजावट कॅमेरा जाईल तिथेच: प्रवेशद्वार, तुम्ही दोघं उभे राहाल ती जागा, आणि टेबलं. छताकडे कुणी बघत नाही. फुलं त्या महिन्यात बाजारात भरपूर असतील तीच घ्या आणि पानं-पाला जास्त वापरा.

घरी करायच्या गोष्टी निवडताना वेळ गुणून बघा. १६ टेबलांची सजावट, प्रत्येकी २५ मिनिटं, म्हणजे ४०० मिनिटं, जवळजवळ सात तास. ते सात तास आठवडाभर आधी देता येत असतील तर घरी करा. आदल्या रात्री द्यावे लागणार असतील तर करू नका. ताजी फुलं याच कारणाने घरच्यांच्या गळ्यात मारू नयेत.

निमंत्रणं डिजिटल चालतील. ज्येष्ठांसाठी थोडी छापा. लग्नाशी संबंध नसलेल्या एका माणसाकडून तारीख, वार आणि पत्ता वाचून घ्या. वार आणि तारीख न जुळणं ही सगळ्यात नेहमीची चूक. साउंडचं म्हणाल तर दोन माइक आणि त्यांच्या जादा बॅटऱ्या, एवढं पक्कं करा. गाण्यांची यादी घरच्या घरी तयार होते.

## ११. शेवटचे आठवडे

निमंत्रणं सहा ते आठ आठवडे आधी, आणि उत्तर देण्याची शेवटची तारीख कार्यक्रमाच्या तीन-चार आठवडे आधी. ती उलटल्यावर गप्प असलेल्यांना फोन करायचे, आणि ते तुम्ही करायचे नाहीत. भावंडांमध्ये वाटून द्या. "येणार ना?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. "किती जणांचं जेवण सांगू?" असं विचारा.

हिशेबाच्या तक्त्यात पाच रकाने हवेत: अंदाज, ठरलेली रक्कम, दिलेले, बाकी, बाकी देण्याची तारीख. बहुतेक जणी फक्त दिलेले पैसे लिहितात आणि शिल्लक दिसतेय म्हणून खुश असतात. "ठरलेली रक्कम" या रकान्याची बेरीज ९० च्या आत आहे की नाही, ते आठवड्यातून एकदा बघा.

शेवटच्या पंधरा दिवसांत किरकोळ खरेदीचा पूर येतो. जादा पिना, जादा भेटवस्तू, "एवढं केलंय तर हेही". दोघांनी एक छोटी मर्यादा ठरवा. तिच्या वरचा कोणताही खर्च दुसऱ्याला विचारल्याशिवाय नाही. राखीव रकमेला मोडतोड, आजारपण, हवामान यांसाठीच हात लावायचा. फुलं अजून थोडी वाढवण्यासाठी ती ठेवलेली नाही.

## १२. लग्नाचा दिवस

ज्यांना त्या दिवशी पैसे द्यायचे आहेत त्यांची पाकिटं दोन दिवस आधी भरा. पाकिटावर नाव, रक्कम, कोणतं काम झाल्यावर द्यायचं आणि "पावती घेणे" असं लिहा. ऑनलाइन द्यायचे असतील तर तीच माहिती यादीत आणि यादी पैसे पाठवणाऱ्याच्या हातात. हा माणूस तुम्ही नाही, तुमची आईही नाही. दूरचा पण चोख असा एखादा भाऊ किंवा मैत्रीण शोधा आणि सगळे फोन नंबर, करारांचे फोटो, वेळापत्रक त्याला किंवा तिला द्या.

वेळापत्रक उलटं बांधा. विधी सुरू होण्याची वेळ लिहा आणि तिथून मागे या: तिथे पोहोचणं, कपडे, मेकअप, केस, अंघोळ, नाश्ता. प्रत्येक टप्प्यात १५ मिनिटं जास्तीची टाका. जादा तासांचं बिल बहुतेक वेळा सकाळच्या पाऊण तासाच्या उशिरातूनच जन्माला येतं.

तपासा: केटररने किती माणसांचं बिल लावलंय ते आणि तुमच्या माणसाने मोजलेली ताटं यांत फरक आहे का? ताटं जेवण चालू असतानाच मोजायची असतात.

## १३. नंतरचे दोन आठवडे

भाड्याच्या वस्तू दुसऱ्या दिवशी परत करायला माणूस आधीच ठरवून ठेवा, कारण उशिराचा दंड दिवसागणिक वाढतो. परत करण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. हॉलची अनामत ठरलेल्या मुदतीत आली नाही तर कराराचा फोटो जोडून मेसेज करा. पैसे कापले असतील तर कशाचे, ते लेखी मागा.

फोटोंच्या फाइल आल्या की फोल्डर दिसला म्हणून शेवटचा हप्ता देऊ नका. सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या थोड्या फाइल मोठ्या पडद्यावर उघडून बघा, संख्या करारातल्या आकड्याशी ताडून बघा, दोन वेगळ्या ठिकाणी प्रती करा आणि मग पैसे पाठवा.